रात्री तीनला डोक्यात तीच रिफ: अडकलेलं गाणं आणि मोडलेली झोप

लक्षणं

वय चाळीस ते साठच्या मधलं. रात्री अडीच-तीनला जाग येते आणि कूस बदलेपर्यंत डोक्यात गिटार सुरू झालेली असते. पूर्ण गाणं नसतं, एखादी रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा सुरांचा छोटा तुकडा) किंवा ध्रुवपदाची एक ओळ असते, तीच पुन्हा पुन्हा. गाणं बहुधा शाळा-कॉलेजच्या काळातलं, कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेलं. थांबवायला जावं तर आणखी ठळक होतं. पहाटे कधीतरी डोळा लागतो आणि तासाभरात गजर होतो. आठवड्यातून तीन-चार रात्री असं होत असेल तर पुढचं नीट वाचा.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. इथे बिघाड दोन आहेत. झोप मोडते हा एक, आणि जाग आल्यावर गाणं अडकतं हा दुसरा. मध्यरात्रीची जाग बहुतेक वेळा गाण्यामुळे येत नाही. ती लघवीमुळे, दारूमुळे, घोरण्यामुळे, पाळी जाण्याच्या काळात अंगातून निघणाऱ्या गरम वाफांमुळे किंवा वयानुसार हलक्या झालेल्या झोपेमुळे येते, आणि मोकळ्या सापडलेल्या डोक्यात गाणं शिरतं. म्हणूनच फोनमधली रॉकची सगळी गाणी पुसून टाकली तरी जाग येत राहते. उलट नुसती जाग कमी करून भागत नाही, कारण एकदा गाणं सुरू झालं की दहा मिनिटांची जाग दीड तासाची होते. दोन्हीकडे काम करावं लागतं.

रिफ का अडकते

डीप पर्पल या रॉक बँडच्या १९७२ मधल्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात घ्या. ती जी मायनरमध्ये आहे, म्हणजे पेटीवर पांढरी पाच. तिथे सा धरला तर रिफ अशी जाते: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. चार बारमध्ये, म्हणजे ठेक्याच्या चार फेऱ्यांत, सगळं संपतं. वाट सोपी आहे, पण मध्येच तीव्र मध्यम अनपेक्षितपणे येऊन लगेच शुद्ध मध्यमावर उतरतो. आणि संपते तो सूर सा, पुढची फेरी सुरू होते तोही सा. त्यामुळे थांबायची जागाच कुठे येत नाही. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या केली जाकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३००० लोकांना विचारून अडकणाऱ्या गाण्यांची चिकित्सा केली. त्यांना दिसलं ते हेच: लय जरा जलद, चालीचा साधारण आकार ओळखीचा, आणि त्यात एखादी वेगळी उडी किंवा सुरांची पुनरावृत्ती. अशा वेगळ्या सुररचनेचं उदाहरण म्हणून हीच रिफ सांगितली गेली.

गाणं बाहेर वाजत नसतानाही मेंदू ते पुरं करतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २००५ साली लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून गाणी ऐकवली आणि मध्ये मध्ये आवाज बंद केला. रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'सारखं ओळखीचं गाणं असेल तर त्या शांत जागेतही मेंदूचा ऐकण्याचा भाग काम करतच राहिला, अनोळखी गाण्यात तेवढा नाही. रात्री तीनला खोलीत सगळीच शांतता असते.

वयाचा संबंध दोन बाजूंनी येतो. साधारण दहा ते पंचविशीत ऐकलेलं संगीत आयुष्यभर सर्वांत घट्ट राहतं. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला, आणि १९९१ नंतर डिश-केबलमधून एमटीव्ही घराघरांत आला. तेव्हा पंधरा-वीस वर्षांचे असलेले लोक आज पन्नाशीच्या आसपास आहेत किंवा ती ओलांडून गेले आहेत. त्या पिढीने गाणी नुसती ऐकली नाहीत, कॅसेट मागे-पुढे करत एकेक तुकडा गिटारवर बसवला. तुकड्यातुकड्याने पाठ केलेली गोष्ट तुकड्यानेच वर येते. दुसरी बाजू झोपेची. तिशीनंतर गाढ झोपेचा वाटा कमी होत जातो आणि रात्रीत जाग येण्याचं प्रमाण वाढतं. विशीतही जाग येत नव्हती असं नाही, पण ती लक्षात यायच्या आत झोप परत लागायची.

आज रात्री गाणं सुरू झालं तर

ढकलू नका. 'हे गाणं नको' असं स्वतःला बजावणं सर्वांत जास्त केलं जातं आणि सर्वांत कमी उपयोगी पडतं. एखादा विचार टाळायचा म्हटलं की तो आला का हे तपासत राहावं लागतं, आणि तपासण्यातच तो येतो.

पहिला उपाय, गाण्याला शेवट द्या. अर्धवट राहिलेली गोष्ट मनात जास्त घोळते, म्हणून वाजतोय तो तुकडा सोडून गाण्याच्या शेवटच्या भागावर जा आणि तिथून संपेपर्यंत मनात जाऊ द्या. यात एक अडचण आहे आणि ती रॉकमध्ये फार येते. पुष्कळ गाण्यांना स्टुडिओत शेवटच दिलेला नाही, आवाज हळूहळू विरत जातो. 'हॉटेल कॅलिफोर्निया' आणि 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' तशीच विरतात, 'स्मोक ऑन द वॉटर'चं अल्बममधलं रूपही. आठवणीत शेवट नसेल तर मन कुठे थांबणार? अशा गाण्यांचं मंचावरचं रूप दिवसा एकदा पूर्ण ऐकून ठेवा. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं ईगल्सने १९९४ साली ध्वनिमुद्रित केलेलं अकूस्टिक रूप स्पष्ट थांबतं. 'स्मोक ऑन द वॉटर'साठी १९७२ च्या जपान दौऱ्यातलं रूप घ्या. तसं काही मिळत नसेल तर स्वतः शेवट बांधा: रिफच्या शेवटच्या सा वर या, तो लांबवा, झांज वाजून ड्रमरने हाताने धरली अशी कल्पना करा, आणि पुढची फेरी सुरू करू नका. दोन-तीनदा करावं लागतं.

तेवढ्याने थांबलं नाही तर आतला आवाज कामाला लावा. मनात गाणं वाजतं तेव्हा आपण ते नुसतं ऐकत नसतो, न बोलता गातही असतो. जीभ-जबडा दुसऱ्या कामात अडकला की गाणं पातळ होतं. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात २०१५ साली च्युइंग गम चघळायला देऊन हे तपासलं गेलं. गम चघळताना गाणं कमी वेळा आठवलं, आणि बोटांनी ठेका धरण्यापेक्षा चघळण्याचा उपयोग जास्त झाला. आडवं पडून गम चघळू नका, घशात अडकतो. तो रात्री साडेनऊला, बसलेले असताना. बडीशेप चावली तरी जबड्याचं काम होतंच. सुपारी मात्र नको. ती उत्तेजक आहे, झोप घालवते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच.

अंथरुणात जिभेला काम द्यायचं तर पाढे उत्तम, पण उलटे. सतराचा किंवा एकोणिसाचा पाढा खालून वर, ओठ हलवत, आवाज न काढता, सावकाश. सरळ पाढे शाळेत चालीवर म्हटलेले असतात, त्यामुळे रिफ त्यांच्या ठेक्यावर आरामात बसते. पाचाचा पाढा फार सोपा पडतो आणि मन पुन्हा गाण्याकडे सुटतं. एकोणतिसाचा जमत नसेल तर तोही नको, कारण जमत नाही म्हटल्यावर माणूस सोडून देतो आणि गाणं परत येतं. वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात आयरा हायमन यांनी कोडी देऊन हेच पाहिलं: फार सोपं आणि फार अवघड, दोन्ही प्रकारांत गाणी परतली. मधलं काम शोधायचं. श्लोक किंवा पसायदान म्हणणार असाल तर चाल सोडून, गद्यासारखं म्हणा. चालीत म्हटलं तर एका गाण्याच्या जागी दुसरं येतं.

पाढ्यांनी गाणं मागे पडलं पण झोप येत नाही, अशा वेळी शब्दांचा खेळ चांगला चालतो. कॅनडातले संशोधक लूक बोडोइन यांनी तो मांडला. एक साधा शब्द घ्या, समजा 'करवंद'. क पासून वस्तू आठवा: कंदील, कपाट, कणीस. प्रत्येक वस्तू पाच-सात सेकंद डोळ्यांपुढे आणा, मग पुढची. क संपला की र: रहाट, रवी, रताळं. वस्तूंचा एकमेकांशी संबंध लागता कामा नये. गिटार, ॲम्प्लिफायर, मित्राची खोली अशा वस्तू आल्या तर सोडून द्या, त्या गाण्याकडेच नेतात.

अंदाजे वीस मिनिटं झाली आणि अजून टक्क जागे असाल तर उठा. अंदाजेच, घड्याळ पाहू नका. दुसऱ्या खोलीत, वन-आरके असेल तर स्वयंपाकाच्या ओट्याजवळ, खुर्ची आणि पांघरूण संध्याकाळीच ठेवलेलं असावं. झिरो बल्ब किंवा पिवळा मंद दिवा, ट्यूबलाइट नाही, फोन नाही. कंटाळवाणं काहीतरी वाचा किंवा कपड्यांच्या घड्या घाला. जांभया येऊन पापण्या जड झाल्या की परत अंथरुणात. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत जुनी आहे आणि आजही निद्रानाशाच्या उपचाराचा कणा आहे. अंथरुणात पडून तासभर रिफ ऐकली की अंथरूण आणि जागरण यांची गाठ पक्की होते, ती सोडवायला उठावंच लागतं.

संध्याकाळ

रॉक सोडायचं अजिबात कारण नाही. कधी आणि कसं ऐकायचं ते बदला.

झोपण्याआधीचे दोन तास ओळखीची गाणी बंद. यात कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाला येणारे जुने व्हिडिओही आले. ते उद्या सकाळी उघडा. रील्स सर्वांत वाईट, कारण त्यांत गाण्याचा सर्वांत चिकट तुकडा पंधरा-वीस सेकंद वाजतो आणि तुटतो. रात्री अडकण्यासाठी याहून सोयीचं काही नाही. ऐकायचं तर पूर्ण गाणं, त्याहून बरं पूर्ण अल्बम.

'शब्द काढून टाकले, नुसता पियानो ठेवला, म्हणजे झोपेला चांगलं' ही समजूत इथे नडते. जुन्या रॉक गाण्यांची मंद वाद्यरूपं झोपेसाठी म्हणून भरपूर मिळतात. बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी २०२१ मध्ये ५० जणांना झोपण्याआधी गाणी ऐकवली. त्यांत जर्नी या रॉक बँडचं 'डोंट स्टॉप बिलिव्हिंग' होतं. काहींना मूळ गाणी, काहींना त्यांची शब्दांशिवायची रूपं. शब्दांशिवायच्या रूपांनी गाणी जवळपास दुप्पट अडकली. ज्यांच्या डोक्यात गाणं अडकलं त्यांना झोप लागायला त्रास झाला, जाग जास्त आली, झोप हलकी राहिली. शब्दांची जागा रिकामी ठेवली की मेंदू ती भरत बसतो, असं याचं कारण दिसतं.

मग रात्री काहीच ऐकायचं नाही का? ऐकायचंच असेल तर तानपुरा लावा. फोनवरचा चालेल, आवाज अगदी कमी, वीस मिनिटांचा टायमर. त्यात चाल नाही, म्हणून धरून ठेवायला काही नाही. पट्टी मात्र गाण्याच्या पट्टीपासून दूरची घ्या. रिफ पांढरी पाचमध्ये असेल तर तानपुरा काळी एकमध्ये. त्याच पट्टीत लावला तर रिफ त्याच्यावर सुखाने बसते.

चाळिशीनंतर पुन्हा गिटार हातात घेतलेल्यांना वेगळी सूचना. रात्री नऊ वाजता एकच लिक, म्हणजे गिटारची छोटी सुरावट, तीस-चाळीस वेळा घासणं म्हणजे रात्रीसाठी ती भरून ठेवणं. सराव साडेसातच्या आत संपवा, आणि संपवताना तो तुकडा पूर्ण गाण्यात बसवून शेवटच्या कॉर्डपर्यंत वाजवा. अर्ध्यावर गिटार खाली ठेवू नका.

झोपण्याआधी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहा, शक्य तितकी नेमकी: वीजबिल, आईच्या गोळ्या, गाडीचा विमा. स्कलिन यांच्याच २०१८ मधल्या प्रयोगात पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली.

चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कॉफीतलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. दारूचं गणित उलटं आहे. शुक्रवारी जुनी गाणी आणि दोन पेग झाले की झोप पटकन लागते, पण दारू उतरते तशी रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते. शनिवारी पहाटे तीनला डोक्यात तीच गाणी वाजली तर त्यात नवल नाही.

खोली तपासा

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा टिकटिक करत असेल तर ते बाहेर काढा. तो मिनिटाला ६० ठोके देतो, आणि १२० च्या आसपासच्या लयीची कितीतरी रॉक गाणी त्याच्या दुपटीत चपखल बसतात. सीलिंग फॅन 'टक-टक' करत असेल तर पात्यांचे स्क्रू आवळा, आणि वरची किंवा खालची वाटी दांड्यावर घासतेय का ते पाहा. मेन स्विच बंद करूनच. फॅनचा एकसारखा घुंम् आवाज चांगला असतो, तो राहू द्या. ठेका तेवढा नको.

झोपेचीच दुरुस्ती

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सर्वांत परिणामकारकही. दोन आठवडे वहीत रोज सकाळी अंदाजाने लिहा: अंथरुणात कधी गेलो, झोप किती झाली, कधी उठलो, कोणतं गाणं, ते शेवटचं कधी ऐकलं, चहा आणि दारू. मग सरासरी काढा. समजा अंथरुणात आठ तास आणि झोप साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळातली झोप शंभरातले ६९. बाकीचे अडीच तास ही गाण्याची जागा आहे, ती काढून घ्यायची.

उठण्याची वेळ पक्की करा, रविवारीही. सहा ठरली तर अंथरुणात साडेबारालाच जायचं, आधी नाही. दुपारची झोप बंद. आठवड्याची सरासरी शंभरातले ८५ वर गेली की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. ८० च्या खाली राहिली तर पंधरा मिनिटं पुढे ढकला, पण अंथरुणातले तास पाचाच्या खाली कधीच नेऊ नका. पहिला आठवडा जड जातो, दिवसा पेंग येते, आणि इथेच बहुतेक जण सोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मधली जाग आकसायला लागते. फेफरं, बायपोलर आजार, उपचार न घेतलेला स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) किंवा गरोदरपण असेल, किंवा काम गाडी अथवा यंत्र चालवण्याचं असेल, तर हा तासांचा भाग डॉक्टरांशिवाय करू नका.

इतकं करूनही जात नसेल तर

आठवड्यात तीन रात्री, सलग तीन महिने असा त्रास असेल तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावरचा पहिला उपचार म्हणजे वर सांगितलेल्या पद्धतींचा मार्गदर्शनाखालचा कार्यक्रम. गोळ्या नंतर येतात. मेडिकलमधून परस्पर अल्प्राझोलमसारखी झोप आणणारी गोळी आणून घेऊ नका. तिची सवय लागते, आणि सोडताना झोप आधीपेक्षा जास्त बिघडते. रोजची आधीपासून चालू असेल तर एकदम बंदही करू नका.

घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड: हे घरच्यांना विचारा आणि झोपेची तपासणी करून घ्या. रात्रीत दोनपेक्षा जास्त वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर आणि प्रोस्टेट पाहा. गरम वाफांनी घामाघूम होऊन जाग येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, त्यावर उपचार आहेत. रक्तदाबाच्या गोळ्यांतल्या मेटोप्रोलोलसारख्या काही गोळ्या काही जणांची झोप बिघडवतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या तर उठवतात. वेळ बदलता येते का हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. रोज पहाटे चारला जाग, दिवसभर उदास, कशातच मन नाही, अशी स्थिती असेल तर गाण्याचा विचार बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. गाणं दिवसभर अडकून कामच करू देत नसेल, त्यासोबत मोजणं किंवा तपासणं यांसारखी बंधनं मागे लागली असतील, तरी तिथेच जायचं.

आणि कान. गाणं डोक्यात नसून खिडकीबाहेरून, शेजारच्या घरातून येतंय असं वाटतं का? उठून खिडकी उघडली तरी तसंच वाटतं का? मग हा प्रकार वेगळा आहे. ऐकू कमी येणाऱ्यांमध्ये मेंदू आवाजाची उणीव स्वतः भरतो, आणि श्रवणयंत्र लावल्यावर हे पुष्कळदा कमी होतं. वेड लागल्याचं ते लक्षण नव्हे. कानात शिट्टीसारखा बारीक आवाज असेल तरीही तपासणी करा. रॉकच्या कार्यक्रमात १०० डेसिबल सहज ओलांडले जातात. सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. स्पीकरसमोर तीन-तीन तास घालवलेली वर्षं पन्नाशीत कानात दिसतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणालेख (कोणता सूर किती ऐकू येतो याचा आलेख) काढला तर ४००० हर्ट्झजवळ खाच आढळते. एकाच कानात आवाज असेल तर दिरंगाई करू नका. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी जा, कारण उपचाराचा उपयोग पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो. पुढच्या कार्यक्रमाला जाताना खिशात इअरप्लग असू द्या. वादकांसाठीचे मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात आणि गिटार बोथट होत नाही.